लसणाचे डेंगळे

कांद्यानं सरकारं पाडल्याच्या गोष्टी आपल्याकडे निवडणुका आल्या की हमखास निघतात. चीनमध्ये 1987 च्या मे महिन्यात लसणापायी एका तालुक्याची कचेरी फुटली. आणि तीही गड्ड्यापायी नव्हे, लसणाच्या फुलोऱ्याच्या दांड्यापायी. शांदोंग प्रांतातल्या त्सांगशान तालुक्यात शेतकऱ्यांनी सरकारी प्रोत्साहनावर विसंबून लसणाखालचं क्षेत्र वाढवलं होतं. दांडे निघाले ते इतके, की घेणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त झाले. जागोजागच्या वसुल्यांना कंटाळून बाहेरगावचे व्यापारी फिरकेनासे झाले. दांडा एकदा उपटला की उन्हात तग धरत नाही. पिवळा पडतो, वातड होतो. भाव कोसळला, माल सडायला लागला आणि चिडलेले लोक थेट कचेरीत घुसले. हाताला लागेल ते फुटलं. पुढे धरपकड झाली.

त्याच प्रांतातल्या गाओमी भागातला, तेव्हा सैन्यात नोकरी करणारा एक तरुण लेखक ही बातमी वाचून हातातलं लिखाण बाजूला ठेवून बसला आणि जेमतेम महिन्याभरात त्यानं कादंबरी लिहून काढली. लेखक मो यान. कादंबरी 1988 मध्ये आली, हॉवर्ड गोल्डब्लाट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1995 मध्ये ‘द गार्लिक बॅलड्स’ या नावानं निघाला आणि 2012 मध्ये मो यान यांना नोबेल मिळालं. गावोगाव गात फिरणारा एक आंधळा गायक या कादंबरीत आहे. प्रकरणांच्या तोंडी त्याची गाणी येतात आणि अखेरीस ती गाणीच त्याच्या जिवावर उठतात. पानोपानी ताज्या आणि कुजलेल्या दांड्यांचा वास आहे. मराठी वाचकाची मात्र ही कादंबरी वाचताना एक अडचण होते. ज्यावरून एवढं रामायण घडलं, ती भाजी त्यानं बहुधा पाहिलेलीच नसते.

लसणाचे ढोबळमानानं दोन वर्ग. एकाची मान मऊ, वाळली की वेणी घालता येते. दुसऱ्याच्या गड्ड्यातून मधोमध एक कडक काडी वर जाते. आपल्या बाजारात येतो तो जवळजवळ सगळा पहिल्या वर्गातला. दुसऱ्या वर्गातल्या लसणाच्या कुड्या मोठ्या, मोजक्या आणि त्या काडीभोवती एकाच फेरात बसलेल्या. ही काडी म्हणजेच फुलोऱ्याचा दांडा. गड्डा भरायच्या सुमाराला तो पानांच्या मधून डोकं काढतो. हिरवागार, गुळगुळीत, भरीव, जाडीला चवळीच्या शेंगेएवढा. काही वाणांत सरळ वर जातो, काहींत एक-दोन वेटोळी घेतो आणि मग पुन्हा सरळ होतो. टोकाला चोच असलेली एक पिशवीवजा कळी असते. तिच्यात फुलं असतात ती नावापुरती. खरी भरती इवल्या कुड्यांची. ती कळी उकलून कुड्या जमिनीवर सांडल्या की झाडाचं काम झालं.

शेतकऱ्याचं काम मात्र बिघडतं. वर कुड्या पोसायच्या तर खालचा गड्डा उपाशी राहतो. म्हणून दांडा दिसला की काढायचा. त्यानं गड्डा किती वाढतो, यावर एकमत नाही. काही वाणांत फरक डोळ्यांना दिसतो, काहींत नाममात्र. पण असा लसूण होतो तिथं बहुतेक ठिकाणी दांडा काढतात आणि हे पिढ्यानपिढ्या चाललं आहे. काही अभ्यासकांचा कयास असा की, माणसानं इतक्या पिढ्या फुलोरा खुडला आणि मोठ्या गड्ड्यावरच लक्ष ठेवलं, म्हणूनही लसूण बी धरायचं विसरला असावा. आज जगातला बहुतेक लसूण कुडी लावूनच वाढतो. बी धरू शकणारी झाडं सापडली ती मध्य आशियात, लसणाच्या मूळ मुलखात.

मग आपल्याकडे दांडा का नाही? कारण थंडी. दांड्याच्या लसणाला आधी काही आठवडे चांगली हुडहुडी भरावी लागते आणि त्यानंतर मोठा होत जाणारा दिवस लागतो. आपला लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतो आणि होळीच्या आगेमागे निघतो. जुन्नरला किंवा नाशिकला डिसेंबरची थंडी कितीही बोचरी वाटली तरी शांदोंगच्या हिशेबात ती थंडी नव्हे. शिवाय उत्तरेकडचा लांबलचक दिवस आपल्या वाट्याला येतच नाही. आपले वाण थोड्या थंडीवर आणि छोट्या दिवसावर गड्डा धरतात, दांड्याच्या भानगडीत पडत नाहीत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार, भीमा पर्पल घ्या किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले बसवंत, फुले नीलिमा घ्या. सगळे आपल्या हवेला बेतलेले. लांब दिवसाचा अ‍ॅग्रिफाउंड पार्वतीसारखा वाण वेगळा काढावा लागला तो हिमालयाच्या उतारांसाठी.

कांदेवाल्या शेतकऱ्याला थंडीनं दांडा येण्याचा हा प्रकार ऐकूनसुद्धा कळतो, कारण त्याच्या वाफ्यात तो घडतो. रोप अवेळी थंडीत सापडलं की कांद्याला डेंगळे येतात. मान जाड होते, कांदा पोसत नाही, चाळीत टिकत नाही, व्यापारी भाव पाडतो. लसणाचा दांडा म्हणजे लसणाचा डेंगळाच. फरक एवढाच की नाशिकचा शेतकरी डेंगळ्याला शिव्या देतो आणि शांदोंगचा शेतकरी डेंगळ्याचे पैसे करतो.

पैसे करायची त्याची रीत बघण्यासारखी आहे. चीनमध्ये दांडा सहसा कापत नाहीत, ओढून काढतात. एप्रिल अखेर ते मे, प्रांताप्रमाणे थोडं पुढेमागे. सकाळी दव असताना झाडं ताठ असतात, तेव्हा ओढलं तर दांडा मध्येच तुटतो. म्हणून ऊन चढू देतात, पानं जरा मलूल झाली की कामाला लागतात. काही ठिकाणी झाडाच्या बुडाशी आधी सुईनं टोचतात, आत दांडा सैल होतो आणि मग एका हाताच्या सावकाश ओढीत तो सबंध बाहेर येतो. ओढून काढल्याचा फायदा असा की, पानांच्या आवरणात दडलेला खालचा पांढुरका, कोवळा भागही हाती लागतो. सगळ्यात चवदार तोच. तोटा असा की, हे काम यंत्राला जमत नाही. वाकून, एकेका झाडापाशी जाऊन, हातानं. हेनान प्रांतात अलीकडच्या काही हंगामांत भाव इतका पडला की मजुरीसुद्धा सुटेना. तेव्हा शेतकऱ्यांनी शहरातल्या लोकांना बोलावणं धाडलं, या, फुकट उपटा आणि घेऊन जा. दांडा राहिला तर गड्डा बारीक राहणार, म्हणून फुकट का होईना, कुणीतरी काढणं त्यांच्या फायद्याचं. टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे गणित कुणी समजावून सांगायला नको.

1987 नंतर बदललं ते साठवणीत. चीनमध्ये दांड्याची साठवण हे आता एक शास्त्रच झालं आहे. शून्य अंशाच्या आसपासचं तापमान, भरपूर दमटपणा, हवेतला प्राणवायू मुद्दाम कमी केलेला. प्लास्टिकच्या पिशव्यांना सिलिकॉनची छोटी खिडकी असते. त्यातून हवेची नेमकी तेवढीच देवाणघेवाण होते. अशा कोठारात मे महिन्यातला दांडा महिनोन् महिने हिरवा राहतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या स्वयंपाकात, चढ्या भावानं विकला जातो. जगातला सत्तर टक्क्यांहून जास्त लसूण चीन पिकवतो. दुसरा क्रमांक आपला, पण अंतर फार मोठं. त्या प्रचंड पिकाच्या कडेनं निघणारा हा दांडा तिथं वर्षभराची भाजी होऊन बसला आहे. त्सांगशान तालुक्याचं नाव 2014 मध्ये बदलून लानलिंग झालं, तरी लसणाच्या बाजारात जुनं नाव अजून चालतं.

आता चुलीकडे वळू, कारण दांडा समजतो तो खरा कढईत.

त्याच्याशी वागायचा पहिला नियम: ही भाजी आहे, मसाला नव्हे. लसूण म्हटलं की आपला हात आपोआप आखडतो; चार कुड्या, फार तर सहा. दांडा मात्र पावशेर घ्यायचा असतो. कारण लसणाचा उग्रपणा लसणात तयार बसलेला नसतो, तो आपण तयार करतो. पेशीत एका बाजूला अ‍ॅलिइन नावाचं द्रव्य असतं, दुसऱ्या कप्प्यात अ‍ॅलिनेज हे विकर. कुडी चिरली, ठेचली, चावली की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि झणका देणारं अ‍ॅलिसिन जन्माला येतं. हे अ‍ॅलिसिन प्रथम वेगळं काढलं कॅव्हलिटो आणि बेली या दोघांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सिलिअरच्या औषध कंपनीत, 1944 मध्ये. विकर उष्णतेनं मरतं. म्हणून न ठेचता शिजवलेला लसूण गोडसर लागतो आणि कच्चा वाटलेला जीभ भाजतो. दांड्याला हाच कायदा लागू. बारीक वाटाल तर चावेल. बोटाबोटाएवढे तुकडे करून कडकडीत तेलात टाकाल तर गोडी उतरेल.

दुसरा नियम निवडण्याचा. कळीच्या वरची चोच धाग्यांची असते, ती टाकून द्यावी. कळी घट्ट आणि बारीक असेल तर ठेवावी, फुगली असेल तर तीही काढावी. बुडाकडून वाकवत जावं. जिथं चटकन मोडेल तिथून पुढचा भाग कोवळा. मोडत नाही, नुसता वाकतो, तो भाग आमटीच्या पाण्यात उकळून काढून टाकायला ठीक. वेटोळं सुटून सरळ झालेला दांडा विकत घेऊ नये. तो जून झालेला असतो.

चिनी घरांत दांड्याची सगळ्यात रुळलेली भाजी म्हणजे डुकराच्या मांसाच्या बारीक पट्ट्यांबरोबर मोठ्या आचेवर परतलेली. मांसाला सोया सॉस आणि थोडं पीठ चोळून ठेवायचं, आधी ते परतून बाजूला काढायचं, मग त्याच कढईत दांडे, शेवटी दोन्ही एकत्र. दांड्यावर सुरकुती पडायला लागली की आच बंद. सिचुआन-हुनानकडे ताज्या मांसाऐवजी खारवून धुरी दिलेलं मांस घेतात आणि सुक्या मिरच्या घालतात. तिथला दांडा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. मांस नको असेल तर अंडी फेटून. हेनानमध्ये याहून चांगली गोष्ट करतात. ताज्या बारीक शेवया आधी नुसत्या वाफवायच्या, दांडे आणि मांसाचा पातळसर रस्सा करायचा, शेवया त्या रश्श्यात घोळून पुन्हा वाफेवर ठेवायच्या. शेवया रस्सा पिऊन मोकळ्या होतात आणि दांडे मऊ पडतात, पण विरघळत नाहीत. तिथं हंगामाप्रमाणे कधी यात लांब शेंगा असतात, कधी दांडे. दांड्यांचा प्रकार उजवा, असं माझं मत.

कोरियात मे महिना आला की दक्षिणेकडच्या नामहे बेटापासून बाजारांत दांड्यांच्या जुड्या दिसू लागतात आणि घरोघरी बरण्या धुतल्या जातात. कोरियन लोणच्याची कृती सोपी. सोया सॉस, व्हिनेगर आणि पाणी सारख्या मापानं, साखर थोडी कमी; एक उकळी आणून गरम गरम दांड्यांवर ओतायची, गार झालं की बरणी थंडीत ठेवायची. काही दिवसांनी तेच पाणी काढून, पुन्हा उकळून, गार करून ओतायचं म्हणजे टिकतं. तेल नाही, मोहरी नाही, फोडणी नाही. आपल्या लोणच्याच्या कल्पनेत हे बसत नाही, पण गरम भाताबरोबर खाल्ल्यावर तक्रार उरत नाही. दुसरी रीत गोचुजांग या आंबवलेल्या मिरचीच्या लगद्यात मुरवायची.

पण कोकणच्या माणसानं कोरियाकडे बघावं ते तिसऱ्या प्रकारासाठी. सुकी कोळंबी आणि दांडे. कोळंबी कोरडी भाजून घ्यायची, दांडे तेलात परतायचे, सोया सॉस आणि थोडं गोड घालून दोन्ही एकत्र चमकेपर्यंत हलवायचं, वर तीळ. सुकटीत लसूण घातल्याशिवाय आपलं पान हलत नाही आणि तिकडे त्यांनीही नेमकी तीच सोयरीक जुळवलेली. यातला सोया सॉस आणि साखर काढा. जवळा किंवा सोडे निवडून, तव्यावर भाजून, पाण्यातून काढा. कांदा, दांडे, तिखट, हळद आणि दोन कोकमं घाला. तांदळाच्या भाकरीबरोबर हे कुठल्याही मालवणी घरात बिनबोभाट खपेल. या दोन स्वयंपाकघरांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, हे सांगूनही पटणार नाही.

मला दांडे मुबलक भेटले ते अमेरिकेत, हडसन नदीच्या खोऱ्यात. कॅलिफोर्नियाचा लसूण, जो दुकानादुकानांतून मिळतो, तो मऊ मानेचा. त्याला दांडा येत नाही. ईशान्येकडची राज्यं थंडगार, तिथं कडक मानेचाच लसूण नीट जगतो. पोलंड, जर्मनी, इटलीकडून आलेल्या कुटुंबांनी आपापल्या परसात तो जपला होता. पण मोठी भर पडली 1989 नंतर. अमेरिकेच्या शेती खात्यातले गाजर-लसणाचे संशोधक फिलिप सायमन त्या वर्षी सोव्हिएत मध्य आशियात, समरकंदच्या वाटेवर, लसणाचे नमुने गोळा करत फिरले. तोवर परक्यांना तो मुलूख फारसा खुला नव्हता. त्यांनी आणलेले वाण पुढे छोट्या शेतकऱ्यांच्या हाती गेले आणि हातोहात पसरले. हडसनकाठच्या सॉगर्टीज गावात सप्टेंबरअखेर लसणाची जत्रा भरते, तिथं आता या वाणांच्या नावांच्या पाट्या लागतात आणि लोक आंब्याच्या जाती निवडाव्यात तसे चाखून निवडतात.

जूनच्या मध्यावर तिथल्या एका शेतात गेले तेव्हा दांड्यांची काढणी चालू होती. मालक सत्तरीकडे झुकलेला, टोपीखाली घामानं निथळणारा. ओळीतून चालत जायचा, वेटोळं दिसलं की पानाच्या वर दोन बोटांनी कट्कन मोडायचा आणि काखेतल्या टोपलीत टाकायचा. ओढून का काढत नाही, असं विचारलं तर म्हणाला, “ओढत बसलो तर जून संपेल.” चिनी रीतीपेक्षा इथं निम्मा कोवळा भाग झाडातच राहतो, हे त्याला माहीत होतं, मजुरीपुढे इलाज नाही, एवढंच त्याचं उत्तर. पूर्वी हे दांडे तो बांधावर फेकायचा. आता आठवडी बाजारात त्याच्या टेबलावरून दुपारच्या आत संपतात. भाव विचारला, गड्ड्याच्या हंगामाआधी हातात पैसा खेळवणारी हीच एक गोष्ट, असं हसून सांगितलं आणि आकडा काही सांगितला नाही. शेतकरी इथून तिथून सारखेच.

या बाजारांतून आणि शेतावरून थेट येणाऱ्या भाजीच्या पेट्यांतून दांडे न्यू जर्सीच्या मराठी घरांत पोचले. हंगामाचे पैसे शेतकऱ्याकडे आधी भरायचे आणि दर आठवड्याला जे पिकेल ते पेटीत घ्यायचं, अशी ही पद्धत. त्यामुळे न मागितलेली भाजी दारात येते आणि तिचं काहीतरी करावंच लागतं. एडिसनमधल्या एका मूळ साताऱ्याच्या काकूंकडे मी जेवले, तेव्हा त्यांनी पानात दोन प्रकार वाढले. एक, पीठ पेरून भाजी. दुसरा, ठेचा. “अगं, सून ते मिक्सरमधून काढून पास्त्याला लावते,” त्या म्हणाल्या, “मला नाही बाई ते गिळत. एवढ्या चांगल्या भाजीचा चोथा कशाला करायचा?”

काकूंच्या बाजूनं मी मत देते. अमेरिकन पाकपुस्तकांत दांडा म्हटला की पेस्टो: दांडे, अक्रोड किंवा बदाम, चीज, ऑलिव्ह तेल, सगळं कच्चं वाटायचं. वर सांगितलेलं अ‍ॅलिसिनचं गणित आठवा. कच्चा वाटल्यावर दांड्यात जे सौम्य, गोड आणि करकरीत आहे ते सगळं जातं आणि उरतो नुसता झणका, जो चार कुड्यांतही मिळाला असता. सुट्टीच्या दिवशी शेगडी पेटवून सबंध वेटोळी तेल-मीठ लावून निखाऱ्यावर भाजायची, हा त्यांचा दुसरा प्रकार मात्र उत्तम. कडा काळपट होतात, आतून लोण्यासारखं मऊ. त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

काकूंची पिठल्याच्या नात्यातली ती भाजी अशी. तेल सढळ हातानं, मोहरी, हिंग, हळद. फोडणीत लसूण घालायचा नाही, हे मराठी हाताला जड जातं, पण खरंच घालायचा नाही. दांड्यांचे अर्ध्या बोटाचे तुकडे फोडणीत टाकून, पाण्याचा थेंब न घालता, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची. हिरवा रंग जरा गडद झाला, दातानं सहज तुटायला लागला की तिखट, मीठ, चिमूटभर साखर आणि मग डाळीचं पीठ वरून भुरभुरवायचं. लगेच ढवळायचं नाही. पुन्हा झाकण, मंद आच, पीठ खमंग भाजल्याचा वास आला की उलथन्यानं खालवर करायचं. कांद्याच्या पातीच्या अशाच भाजीला पाणी सुटतं आणि पीठ गिच्च होतं. दांडा कोरडा असल्यानं पीठ सुटं राहतं. या बाबतीत तो पातीपेक्षा सरस आहे.

ठेच्यासाठी दांडे आणि हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. मिरची नेहमीच्या निम्मी पुरते. भाजल्यानं विकर मेलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तोंडाला वास फारसा येत नाही. कार्यालयात जाणाऱ्यांसाठी हे छोटं सुख नव्हे. याशिवाय कुणी डाळवांग्यात वांग्याऐवजी घालतं, कुणी मुगाच्या डाळीच्या खिचडीत, कुणी थालीपिठाच्या पिठात चिरून. थालीपीठ मला आवडलं नाही. दांडे भिजवलेल्या पिठात धड शिजत नाहीत आणि थापताना पीठ फाटतं.

हे सगळं वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकाला हळहळ वाटायचं कारण नाही. दांडा नसेल, पण हिवाळ्यातली लसणाची पात आपली आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. आपल्या शेजारी गुजरातेत डिसेंबर उजाडला की हिरव्या लसणाला मानाचं पान मिळतं. सुरतेचा उंधियू त्याच्याशिवाय होत नाही. वलसाडकडच्या महामार्गावर मडक्यात भाजलेल्या भाज्यांच्या उंबाडियूबरोबर हिरवी चटणी मिळते ती याचीच. काठियावाडात बाजरीच्या रोट्ल्याचा कुस्करा, तूप आणि हिरवा लसूण हे पुरतं जेवण. पारशी घरांत हिरव्या लसणावर अंडी फोडतात. आपण मात्र दादरच्या मंडईतून पातीची जुडी आणतो ती चटणीपुरती, आणि अर्धी फ्रीजमध्ये पिवळी करतो. पात आणि दांडा एक नव्हेत, हेही खरं. पात नाजूक, शेवटच्या मिनिटाला घालायची. दांडा दमाचा, आच सोसणारा. पण दोन्हींना मसाल्याच्या डब्यातून उठवून भाजीच्या टोपलीत बसवायला हवं, ही गोष्ट एकच.

दिवाळी अंक हातात पडतात ते दिवस लसूण लावायचे असतात, इथंही आणि तिकडेही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, ओंटारिओकडे असाल तर जमीन गोठायच्या आत कडक मानेच्या लसणाच्या मोठ्या कुड्या, टोक वर करून, दोन इंच खोल आणि सहा इंचांवर लावा, वर गवताचं जाड पांघरूण घाला; पुढच्या जूनमध्ये दांडे तुमचे. दुकानातला कॅलिफोर्नियाचा लसूण लावून वाट पाहू नका, त्याला दांडा येणार नाही. महाराष्ट्रात असाल तर कोंब फुटलेल्या कुड्या फेकू नका, कुंडीत इंचभर खोल खोचा, ऊन येईल अशा जागी ठेवा. महिना-दीड महिन्यात पात कापता येते. आणि कधी परदेशात, कुणाच्या घरी, पेटीतून दांडे निघालेच, तर मिक्सरचं भांडं बाहेर काढू देऊ नका. कढई मागा.